जुनी लाकडी लाँच पुन्हा पाण्यात घालताना

पाचाड हे रायगडाच्या पायथ्याचे गाव किनाऱ्यापासून बरेच आत, डोंगरांनी वेढलेले असले, तरी या मुलखाचे जलमार्गाशी असलेले नाते जुने आहे. गडाभोवतालच्या काळ आणि गांधारी या दोन्ही नद्या शेवटी सावित्रीला मिळतात, आणि सावित्रीची खाडी समुद्राची भरती दासगाव-महाडपर्यंत आत आणते. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून चौलपर्यंत जलमार्गे आला आणि पुढची वाट कापून पाचाडला, गडाच्या पायथ्याशी, मुक्कामाला थांबला. मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे प्रतिनिधी हरिहरेश्वरला बोट बदलून २५ डिसेंबर १९२७ रोजी दासगाव बंदरात उतरले व तेथून महाडच्या सत्याग्रह परिषदेला गेले. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाडजवळ सावित्रीवर दगडी पूल झाला, जो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. त्या पुलानंतर रस्त्याची वाहतूक वाढत गेली आणि खाडीतून माणसे व माल नेणाऱ्या नौकांचे महत्त्व हळूहळू ओसरले. दासगाव, आंबेत, म्हाप्रळ, बाणकोट, बागमांडले या पट्ट्यात ज्या लाकडी लाँच आणि इंजिन बसवलेले मचवे चालत, त्यांपैकी जे अजून कोठे चिखलात, कोठे झापांखाली टिकून असतील, त्यांचा जीर्णोद्धार कसा करावा, याचे मार्गदर्शन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लाँच या शब्दाने येथे साधारण २० ते ४० फूट लांबीची, इंजिनावर चालणारी लाकडी नौका अभिप्रेत आहे. मग ती मुळातच इंजिनासाठी बांधलेली असो, किंवा शिडाचा मचवा असून स्वातंत्र्यानंतरच्या काळात सरकारी कर्ज आणि सहकारी संस्था यांच्या आधाराने तिच्यात इंजिन बसवले गेले असो. हा भेद कामाला हात घालण्यापूर्वी ओळखला पाहिजे, कारण शिडाच्या नौकेचा मागचा भाग इंजिनाचे वजन आणि पंख्याचा हादरा सोसण्यासाठी घडवलेला नसतो, आणि अशा नौकांचे आजार बहुधा तेथूनच सुरू झालेले असतात. जीर्णोद्धाराचे पहिले तत्त्व असे की नौका ज्या रीतीने बांधली गेली, ती रीत ओळखून त्याच रीतीने तिची दुरुस्ती करावी. नवे द्रव्य वापरणे निषिद्ध नाही. मात्र ते पुढच्या कारागिराला लाकूड न फोडता काढता येईल, अशाच जागी वापरावे. पुढे सांगितलेली बहुतेक पथ्ये या एका तत्त्वातूनच निघालेली आहेत.

नौका जीर्णोद्धारास योग्य आहे की नाही, हे तिच्या बाह्य रूपावरून ठरत नाही. रंग उडालेला, केबिन मोडलेली, फळ्यांच्या फटींतून उजेड दिसतो आहे, ही लक्षणे पाहून घाबरण्याचे कारण नसते. पाहायचे असते ते पठाण, म्हणजे नौकेच्या तळाशी पुढून मागेपर्यंत गेलेले मुख्य लाकूड. तिला पुढे जोडून वर चढणारी नाळ. आणि पठाणीवर आडव्या बसवलेल्या फासळ्या. ही तीन अंगे बहुतांशी शाबूत असतील, तर फळ्या निम्म्या बदलाव्या लागल्या तरी नौका तीच राहते. पठाण मधोमध कुजली असेल किंवा नाळेचा सांधा सुटून लाकूड भुसभुशीत झाले असेल, तर खर्च आणि श्रम नव्या नौकेइतके होतात. अशा वेळी तिची मापे व आकार नीट नोंदवून, इंजिन, सुकाणू आणि चांगल्या फळ्या जपून ठेवणे, हा निर्णय पराभवाचा मानू नये.

लाकूड तपासण्यासाठी महागड्या साधनांची गरज नसते. हातोडीने हलके ठोकले असता घट्ट लाकडाचा आवाज खणखणीत येतो व कुजलेल्याचा बद्द. ज्या जागी आवाज बदलतो तेथे टोकदार टोचा दाबून पाहावा आणि तो सहज रुतला तर खडूने खूण करावी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते की लाकूड कुजते ते खाऱ्या पाण्याने नव्हे, तर गोड्या पाण्याने. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढण्यासाठी लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा आणि सोबत हवा लागते. मिठाच्या पाण्यात ती नीट वाढत नाही, पण डेकच्या सांध्यातून झिरपून फासळ्यांच्या माथ्याशी साचणारे पावसाचे पाणी तिला मानवते. म्हणून तळाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष डेकखालच्या कोपऱ्यांकडे, केबिनच्या खांबांच्या बुडाशी आणि फासळ्यांच्या वरच्या टोकांकडे द्यावे. रायगडाच्या परिसरात पाऊस किती पडतो, हे येथील वाचकांना सांगायला नको. झाप न घालता दोन पावसाळे उघड्यावर काढलेली नौका कित्येक वर्षे खाडीत राहिलेल्या नौकेपेक्षा अधिक खराब निघू शकते.

खाऱ्या पाण्याचा शत्रू वेगळा आहे. जहाजकिडा या नावाने ओळखला जाणारा जीव दिसायला गांडुळासारखा असला, तरी तो शिंपल्यांच्या वर्गातला असतो. तो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून लाकडात शिरतो आणि आत राहूनच वाढत, आपल्या दोन लहान शिंपल्यांनी लाकूड किसत पुढे सरकतो. त्यामुळे बाहेरून फळी धड दिसते आणि आत पोकळ नळ्यांचे जाळे झालेले असते. पाण्याखाली राहणाऱ्या प्रत्येक फळीवर, विशेषतः जेथे रंग खरवडला गेला आहे तेथे, बारीक छिद्रे शोधावीत आणि संशय आल्यास लहान गिरमिटाने भोक पाडून निघालेला भुसा पाहावा. भुशासोबत चुन्यासारखी पांढरी पूड आली, तर ती किड्याने आपल्या बिळाला आतून दिलेल्या अस्तराची असते. हा जीव गोड्या पाण्यात दीर्घकाळ जगत नाही, पण बिळाचे तोंड आतून बंद करून तो काही आठवडे तग धरू शकतो. तेव्हा पावसाळ्यातल्या सावित्रीच्या गोड्या पाण्यात नौका दोन-चार दिवस ठेवल्याने काम होत नाही, त्याला महिना-दीड महिना द्यावा लागतो. पोखरलेल्या फळीत भराव घालण्याचा मोह टाळावा. ती बदलावी.

नौका वर काढण्यासाठी उधाणाची भरती निवडावी. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे पाणी सर्वांत वर चढते, त्या वेळी नौका ओंडक्यांवर घेऊन ओढावी. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीत हा उद्योग केल्यास ती अर्ध्या चिखलात अडकते आणि ओहोटीत एका कुशीवर कलंडून फासळ्या मोडतात. कामाचा काळ दसऱ्यानंतरचा. कार्तिक ते माघ या महिन्यांत पाऊस नसतो आणि ऊनही फळ्यांना तडे पाडण्याइतके कडक नसते. चैत्र-वैशाखात काम चालू राहिलेच, तर सावली धरावी आणि पाण्याखालच्या भागावर ओली गोणपाटे पसरून ठेवावीत, कारण लाकूड एकाएकी वाळले की फळ्या आकसून सांधे उघडतात, त्यांतले जुने भरण गळून पडते आणि खिळे सैल होतात. काम पावसाळ्यात राहणार असेल, तर नौका कोठे ठेवायची याचा विचार आधी झाला पाहिजे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरात किती पाणी चढले, हे शहरातल्या अनेक घरांच्या भिंतींवर नोंदलेले आहे. काठावरची जागा निवडताना ती रेषा प्रमाण मानावी. मोठी लाँच खाडीकाठी उंच जागेवर नीट शाकारून ठेवावी. मात्र इंजिन, काढलेल्या चांगल्या फळ्या आणि वाळवणीचे लाकूड महाडहून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या पाचाडसारख्या चढावरच्या गावात, पडवीत किंवा माळ्यावर हलवणे केव्हाही शहाणपणाचे ठरते. तेथे पुराचे भय नसते आणि हवेत मीठ नसल्याने यंत्राचे भाग गंजण्याचा वेगही मंदावतो. काठावरच्या कामाविषयी आणखी एक सूचना आवश्यक आहे : महाडच्या आसपास सावित्रीत मगरी आहेत, म्हणून ओहोटीच्या वेळी पाण्यालगत एकट्याने खाली वाकून काम करू नये.

वर काढलेल्या नौकेचा भार पठाणीवर यावा, कुशीवर नव्हे. पठाणीखाली चार-पाच फुटांच्या अंतराने जाड ओंडके द्यावेत आणि बाजूंना दिलेले टेकू केवळ तोल सावरण्यापुरते असावेत. पाण्यात पाणी सर्व बाजूंनी नौकेला उचलून धरते. जमिनीवर तो आधार नसतो आणि चुकीच्या टेकूवर काही महिने राहिलेली नौका आपला आकार कायमचा गमावते. जुन्या नौकांचा मध्यभाग बहुधा वर उचललेला आणि दोन्ही टोके खाली ओढलेली असतात, कारण टोकांशी पाण्याचा आधार कमी असूनही वजन मात्र असते. हे तपासण्यासाठी पठाणीच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणून मधले अंतर मोजावे. वाक आढळला, तर तो एका दिवसात दाबून काढू नये. टोकांखाली पाचरी ठोकत, आठवड्याला थोडे थोडे, मधल्या सांध्यांवर लक्ष ठेवून ती सरळ होऊ द्यावी. वाकलेल्या पठाणीवर नव्या फळ्या ठोकल्या तर तो वाक जन्मभराचा पक्का होतो, आणि पुढे पंख्याचा शाफ्ट कधीच सरळ रेषेत येत नाही. जीर्णोद्धारात वेळ जिथे वाचवू नये अशी ही जागा आहे.

काहीही उकलण्यापूर्वी नोंद करावी. दर दोन फुटांवर नौकेच्या बाहेरच्या वळणाचा प्लायवुडचा साचा कापून त्यावर क्रमांक घालावा, प्रत्येक फळीवर बाजू व क्रम लिहावा, खिळ्यांच्या जागांची छायाचित्रे घ्यावीत. किनाऱ्यावरचे मिस्त्री कागदी आराखड्याशिवाय, डोळ्याच्या अंदाजाने आणि पिढीजात प्रमाणांनी नौका बांधत आले. त्यामुळे नौकेचे शरीर हाच तिचा एकमेव आराखडा असतो आणि एकदा सुटा झाला की तो नाहीसा होतो. ज्या गावात नौका बांधली गेली तेथला वृद्ध सुतार किंवा ती चालवलेला तांडेल हयात असेल, तर त्याला नौकेपाशी आणून, तिच्यातली कोणती फळी केव्हा बदलली, इंजिन कोणत्या वर्षी आले, हे त्याच्या तोंडून ऐकून लिहून ठेवावे.

लाकडाच्या निवडीत सागाला पहिले स्थान आहे, आणि त्याचे कारण केवळ टिकाऊपणा नाही. सागातील नैसर्गिक तेलामुळे त्यात ठोकलेले लोखंड फार हळू गंजते. याउलट ऐन, बाभूळ यांसारख्या तुरटपणा अधिक असलेल्या लाकडांत लोखंडाभोवती काळा डाग पसरतो आणि खिळा व लाकूड दोन्ही झिजतात. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी १८१७ मध्ये सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. तेथील दीर्घ जीर्णोद्धारानंतर ती लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवली गेली, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या साग-बांधणीचा याहून मोठा दाखला देण्याची गरज नाही. तरीही कोकणातील सर्वच नौका अखंड सागाच्या नसतात. फासळ्यांसाठी बाभळीची किंवा अन्य झाडांची मुळातच वळण घेऊन वाढलेली लाकडे निवडत, कारण ज्या लाकडाचा धागा वळणाबरोबर जातो ते आडवा धागा कापून वळण दिलेल्या लाकडापेक्षा कितीतरी बळकट असते. बदलीची फासळी करताना हाच नियम पाळावा : रुंद फळीतून गोलाई कापू नये, तर तसे वाकडे लाकूड शोधावे. जुन्या फासळीचे एखादेच टोक गेले असेल, तर ती उपसून काढण्याऐवजी तिच्या शेजारी, तिला चिकटून, दुसरी अर्धी फासळी बसवणे बरे.

महाड-पोलादपूरच्या डोंगरात साग, ऐन, किंजळ, जांभूळ भरपूर दिसतात, पण झाड आपल्या मालकीच्या जमिनीत आहे म्हणून ते तोडता येते असे नाही. झाडे तोडण्यावर निर्बंध घालणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत हे चारही वृक्ष आहेत, त्यामुळे वन विभागाची परवानगी आणि तोडलेल्या मालासाठी वाहतुकीचा पास दोन्ही घ्यावे लागतात. फासळ्यांसाठी खाडीकाठचे कांदळवन तोडण्याचा विचारही करू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने त्याला स्पष्ट मनाई आहे, आणि पुराचा जोर अडवणारी ती झाडे सावित्रीकाठच्या गावांना नौकेहून अधिक मोलाची आहेत. सर्वांत उत्तम लाकूड बहुधा नव्या तोडीचे नसतेच. मोडल्या जाणाऱ्या जुन्या घरांतून निघणाऱ्या सागवानी तुळया आणि वासे अनेक दशके सावलीत वाळलेले असतात. खिळे काढून, वाळवीच्या खुणा तपासून ते विकत घ्यावेत आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. ताजे लाकूडच घ्यावे लागले, तर जाडीच्या दर इंचाला एक वर्ष या जुन्या हिशेबाने, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून हवा खेळेल अशा रीतीने ते सावलीत रचावे. फळीला वळण द्यायचे असेल तेव्हा वाफेच्या पेटीत दर इंच जाडीला एक तास ठेवून ती बाहेर काढताच शिकंज्यांनी जागेवर आवळावी. विस्तवावर शेकून, वरून पाणी शिंपडत वाकवण्याची पद्धतही सागाला चालते, मात्र तीत हात सरावलेला हवा.

यानंतर येतो तो सांध्यांचा विषय, आणि या संपूर्ण कामात सर्वाधिक नौका येथेच बिघडतात. फळ्या जोडण्याच्या दोन रीती आढळतात. एकीत शेजारच्या फळ्यांच्या कडा सरळ असून बाहेरच्या बाजूस बारीक पाचरीसारखी फट ठेवलेली असते, आणि तीत कापसाची वात ठासून नंतर भरण केले जाते; युरोपीय वळणाच्या लाँचमध्ये हीच रीत असते. दुसरी रीत पश्चिम किनाऱ्यावरची जुनी आहे. तीत एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला तीत बसणारी जीभ काढतात, मध्ये तेल व राळेत भिजवलेला कापूस घालून फळ्या एकमेकींवर दाबून बसवतात, आणि असा सांधा बाहेरून केसाच्या रेघेइतका दिसतो. ही दुसऱ्या प्रकारची नौका हाती आली असताना अनभिज्ञ कारागीर ती पहिल्या प्रकारची समजून सांध्यात लोखंडी हत्यार घालून कापूस ठोकतो. तेव्हा आतली जीभ फुटते, फळ्या एकमेकींपासून ढकलल्या जातात आणि पूर्वी न गळणारी नौका गळू लागते. म्हणून सांध्याला हात लावण्यापूर्वी एखाद्या कुजलेल्या, तशाही बदलायच्या फळीचे टोक कापून तिच्या कडेचा छेद पाहावा. पाच मिनिटांच्या या पाहणीवर पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरते.

सरळ कडांच्या सांध्यात कापूस भरताना वात सैल पिळाची घ्यावी आणि ती हातोडीच्या एकसारख्या, हलक्या ठोक्यांनी फटीच्या साधारण अर्ध्या खोलीपर्यंत बसवावी. आरपार गेलेला कापूस पाणी अडवत नाही. त्यावर पूर्वी चंद्रूस, म्हणजे झाडापासून मिळणारी राळ, तेलात कढवून केलेले भरण घालत. ते लाकडासोबत फुगते-आकसते, म्हणून आजही योग्य आहे, मात्र कढई उघड्यावर, नौकेपासून दूर ठेवावी, कारण तापलेल्या तेल-राळेचा भडका क्षणात उडतो. शेंदूर किंवा सफेता घातलेली लुकणे टाळावीत. दोन्हींत शिसे असते, आणि जुने भरण खरवडतानाही तोंडावर योग्य मुखवटा बांधून, पाणी मारून, निघालेला कचरा खाडीत न टाकता गोळा करून ठेवावा. नौका कोरडी असताना सांधे काठोकाठ ठासून भरू नयेत, हे तर मुद्दाम बजावण्याजोगे आहे. पाण्यात गेल्यावर प्रत्येक फळी फुगते. तिला फुगायला जागा उरली नाही तर ती खिळे उपटते किंवा फासळ्या तोडते, आणि असे नुकसान महिनाभराने, नौका बाहेरून सुरेख दिसत असताना उघडकीस येते.

तळाला बाहेरून फायबरचे कवच चढवून गळती कायमची थांबवावी, हा सल्ला आज बंदरांवर सर्रास दिला जातो. नव्या, पूर्ण वाळलेल्या आणि त्यासाठीच बांधलेल्या तळावर ते उपयोगी पडते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने लाकडी मासेमारी नौकांसाठी अशा आच्छादनावर कामही केले आहे. जुन्या लाँचची गोष्ट निराळी आहे. तिच्या फळ्या ऋतूप्रमाणे हलतात आणि कवच हलत नाही. सागाच्या तेलामुळे रेझिन नीट धरत नाही. आणि वरून झिरपलेले पावसाचे पाणी कवच व लाकूड यांच्यामध्ये अडकून कुजण्याला हवा तसा ओलावा मिळतो. काही वर्षांनी कवच सोलले की खाली भुसा उरतो. अमेरिकेतील क्रिस-क्राफ्ट किंवा इटलीतील सार्निको येथील रीवा यांच्या महोगनीच्या जुन्या मोटरबोटी सजवणाऱ्यांमध्येही तळ कशाने सांधावा याविषयी दोन पक्ष आहेत. लवचीक समुद्री चिकटद्रव्याने संपूर्ण तळ जोडणे त्यांच्यात रूढ झाले असले, तरी त्या नौका बहुतेक काळ छपराखाली, ट्रेलरवर राहणाऱ्या आहेत आणि खाडीत बारमाही नांगरून असणाऱ्या लाँचला त्यांचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे जुना मार्गच भला : पाण्याखाली तांबेयुक्त समुद्री रंग, पाण्यावरच्या भागाला उंडीचे किंवा करंजाचे तेल, आणि आतून काजूच्या टरफलांचे तेल. शेवटचे तेल कातडी भाजते, म्हणून ते हातमोजे घालूनच लावावे.

खिळ्यांविषयी थोडक्यात सांगायचे, तर एका नौकेत एकच धातू ठेवावा. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू जवळ आले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि त्यांतला दुबळा धातू विरत जातो. लोखंडी खिळ्यांच्या नौकेत चार फळ्या तांब्याच्या खिळ्यांनी बसवल्या, तर शेजारचे लोखंड झपाट्याने जाते. मूळ खिळे लोखंडी असतील तर नवेही जाड जस्तलेप दिलेले लोखंडीच घ्यावेत. पंखा पितळी किंवा ब्रॉन्झचा असल्याने शाफ्टजवळ जस्ताचा ठोकळा बसवावा, म्हणजे झिजायचे ते त्याने झिजावे. तो अर्धा झिजला की बदलावा आणि त्यावर कधीही रंग लावू नये.

जुने डिझेल इंजिन अनेकदा केवळ अडकलेले असते, निकामी नसते. ते जोराने फिरवण्याचा प्रयत्न करण्याआधी इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, चार-सहा दिवस थांबावे आणि मग गतिचक्र हाताने पुढे-मागे, इंचाइंचाने हलवून पाहावे. ज्या इंजिनात थंडाव्यासाठी खाडीचेच पाणी खेळवत, त्याच्या जलमार्गांत मीठ व गंजाचे थर असतात, ते गोड्या पाण्याने वारंवार धुऊन काढावेत. तेथे आडकाठी राहिली तर पुन्हा जुळवलेले इंजिन पहिल्याच फेरीत तापून चिरते. इंधनाची टाकी बाहेर काढून स्वच्छ करावी, रबरी नळ्या डोळे मिटून बदलाव्यात. सुटे भाग मिळत असतील तोवर मूळ इंजिन ठेवावे. बदलणे अपरिहार्य झाले, तर जवळपास तितक्याच वजनाचे आणि अश्वशक्तीचे घ्यावे, कारण दुप्पट ताकदीच्या इंजिनाने जुनी लाँच दुप्पट वेगाने जात नाही, तिची पिछाडी मात्र खाली बसते आणि सांधे सुटतात.

इंजिन आणि शाफ्ट यांची रेषा जमिनीवर जुळवून काम संपले असे मानू नये. पाण्यात उतरल्यावर नौकेचे शरीर थोडे बदलते, म्हणून जमिनीवरची जुळणी तात्पुरती समजून जोडणीचे बोल्ट सैल ठेवावेत, आणि नौका दोन-तीन दिवस तरंगून फळ्या फुगल्यानंतर जोडणीच्या दोन चकत्यांमधली फट पातळ मापपट्ट्यांनी चारही बाजूंना मोजावी. चकतीच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंचापेक्षा जास्त फरक राहू देऊ नये. शाफ्ट जेथून बाहेर पडतो तेथील भरण इतकेच आवळावे की शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब आत येत राहतील. ते थेंब शाफ्टला थंड ठेवतात. पूर्ण कोरडे आवळलेले भरण जळते आणि शाफ्टवर चर पाडते.

नौका पाण्यात घालायची ती दोराने बांधलेली, पंप चालू असलेला, माणूस रात्रभर तिच्यावर असलेला, अशा तयारीने घालावी. पहिल्या दिवशी ती गळणारच. उघड्या सांध्यांवर ओले गोणपाट दाबून आणि आतले पाणी काढत राहून तिला फुगायला वेळ द्यावा; तीन दिवसांनंतरही एखाद्या ठिकाणची धार कमी झाली नाही, तर तेवढ्याच जागेवर खूण करून नौका पुन्हा वर घ्यावी आणि तो सांधा उकलावा, पाण्यात असताना बाहेरून वरवर लुकण चोपडू नये. माणसे नेण्याचा विचार असेल, तर अंतर्देशीय जलवाहनांविषयीचा १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला आहे, हे लक्षात घेऊन नोंदणी व तपासणीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात काम सुरू करण्यापूर्वीच चौकशी करावी. तपासणीसाने नंतर उघडायला लावलेली फळी पुन्हा बसवणे फार महागात पडते.

चाचणीच्या पहिल्या फेऱ्या भांगाच्या दिवसांत, प्रवाह मंद असताना, दासगाव ते आंबेत या टप्प्यात, खाडीतली वाळूची पुळणी ठाऊक असलेला तांडेल सोबत घेऊन, निम्म्या वेगाने कराव्यात. दर अर्ध्या तासाने इंजिन मंद करून तळातल्या पाण्याची पातळी, भरणाशी शाफ्ट किती तापतो आणि इंजिनाच्या पायांचे बोल्ट सैल झाले आहेत काय, हे पाहून वहीत वेळेसह लिहावे; पहिल्या दहा तासांनंतर इंजिनातले तेल बदलावे आणि चकत्यांची फट आणखी एकदा मोजून मगच बोल्ट अखेरचे आवळावेत.